गोरक्षभाऊंचा हर्निया

सांगायचं नव्हतं हो, जयमालावहिनींनी शपथ घातलीय, पण तिसगावभर सगळे गोरक्षभाऊंचा हर्निया, हर्निया करत सुटलेत ते किती दिवस ऐकायचं? हर्निया नव्हताच! बारा वर्षांची शुगर, त्यापायी नवरा-बायकोतलं सगळं थांबलेलं... गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी नगरचे डॉक्टर. भाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचतायत, आणि वहिनी विचारतायत, "ऑपरेशनात काय काय असतं?" डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिनीचं असतं, पण ते मार लागलेल्या तरण्या माणसांना. तुम्हाला वाकणाऱ्या दोन कांड्या, नाहीतर पाण्यावरचा पंप. सगळं आतच." "बिघडला तर?" "पुन्हा ऑपरेशन." "चालंल. पंप," वहिनीच म्हणाल्या. विहिरीवरची मोटर घेतानाही एवढ्या झटपट... बरं, आपल्याला काय करायचंय!

गावाला सांगितलं हर्निया. पण आपल्याकडं पेशंटला बघायला जायचं म्हणजे बिस्किटपुडा, नारळपाणी आणि उलटतपासणी! भाऊ गोधडी हनुवटीपर्यंत ओढून पडलेले. त्यात आले त्यांचे मामा, आप्पासाहेब, दोन वर्षं खराखुरा हर्निया घेऊन हिंडणारे, ऑपरेशनला भिणारे. पुढं दीड महिन्यानं भाऊ शीळ घालत दुकान उघडताना दिसले, न् मामा पेटले, "मला बी त्योच डॉक्टर! गोरक्षाला केलं त्येच मला करा!" आणि गेले ना बनाबाईमामींना घेऊन नगरला! वहिनी धावत मागं.

डॉक्टर म्हणाले, "हर्निया मी करत नाही, दुसऱ्यांकडे पाठवतो." झालं! मामा घामाघूम. "म्हंजी माझं लई वाढलंय! डॉक्टर हात लावंना! चला घरी, मरू द्या मला!" आता बोला! हर्निया अडकला तर जीवावर बेतायचं की हो! वहिनींनी भाऊंना फोन लावला, "सांगू का खरं?" पलीकडून भाऊंनी दुकानातलं गिऱ्हाईक थांबवलं न् म्हणाले, "सांग बाई. मामापरीस मोठं हाय का ते?" वहिनींनी सांगितलं. मान वर ठेवून, पंपासकट! आपल्याला काय करायचंय, पण मला तर बाई अभिमानच वाटला.

मामांनी खुर्ची पुढं ओढली, न् हळूच, "दोन्ही एकदमच करत्यात का वो?"

मामी ताडकन उठल्या, "हर्नियाचं करा गुमान! दुसरं कराल, तर मी चालले बेलापूरला भावाकडं!"

झालं एकदाचं, मामा वाचले. पण आपल्याला काय करायचंय म्हणा, आता बघायला येईल त्याला मामाच ऐकवतायत, "माझा मातुर खरा हर्निया व्हता, गोरक्षासारखा न्हवं..." आतनं हाक आली बघा... आले हो आत्याबाई! काही नाही, मी आपली भाजीचं विचारत होते...