माघार न घेणारं इंजिन

गावात पहिलं वाफेचं इंजिन बनवणाऱ्याचा स्मृतिदिन होता. सभागृहाबाहेर रांगेत माझ्यापुढे त्याचा पणतू बायकोसोबत उभा होता.

"अहो, ही भाषणाची रांग नाही वाटत. सगळे बाही वर करतायत."

"उकडत असेल. पणजोबांचं इंजिन बघायलाही अशीच रांग लागायची."

"ते फक्त पुढेच जायचं ना?"

"मागे घ्यायची सोयच ठेवली नाही त्यांनी. आमच्या घराण्यात माघार नाही."

"मग संध्याकाळी घरी कसं यायचं?"

"बैल जुंपून."

"आणि बैल कोण हाकायचं?"

"पणजी. पण ते भाषणात कोण सांगतंय?"

"अहो, तिकडे सुया दिसतायत. त्यांच्या नावाने रक्तदान ठेवलंय. चला मागे, लस घेतानाच भोवळ आली होती तुम्हाला."

"एकदा उभा राहिलो म्हणजे राहिलो. मी मागे फिरायचा नाही."

"बरं, राहा."

तेवढ्यात नर्सने हाक मारली.

"काका, या, झोपा इथे. कोणत्या हातातून घेऊ?"

"अगं..."

"काय?"

"बैल जुंप."