ओटीतला मका

खरं सांगते, झरीला निघाले तेव्हा वाटत होतं, सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य घेत होतं त्या लेव्हीच्या दिवसांत धान्य मागणारी बाई म्हटल्यावर लोक मला सरकारी समजून दार लावून घेतील. झालं उलटंच.

काशीहून वनस्पतीशास्त्र शिकून नुकतीच परतले होते. आपल्याकडचे जुने मके नाहीसे व्हायच्या आत कणसाचा आकार, दाण्यांच्या ओळी आणि रंग बघून त्यांच्या जाती लावायच्या, असा ध्यास घेतला होता. घरटी बियाण्याचं एकेक कणीस राखून ठेवा, असा निरोप मी आधीच धाडला होता.

पाटलांच्या घरी बायका जमल्या होत्या. पाटलीणबाईंनी पाट मांडला.

"बस माय. एवढी शिकून आलेली लेक, मोकळी कशी धाडावी? पदर पसर."

पसरला. त्यात ओंजळभर मका पडला. मग दुसरीची ओंजळ, तिसरीची. पांढरा, तांबडा, जांभळा, सगळा एकात एक.

"मावशी, कणसं कुठायत?"

"दाणे काढले अन् चुलीत घातली. ओटीत अख्खं कणीस कोन घालतंय?"

"पण यातला कोणता मका कुणाच्या घरचा?"

"आता समदा तुझाच की! अन् ओटी परत करायची नसती बरं."

परतताना गाडी हाकणाऱ्या दादाने विचारलं, "लागल्या का जाती?" मी पदराची गाठ सोडून सरमिसळ झालेला मका त्याच्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ठरवून टाकलं. पुढच्या गावी, ताडकळसला, कणसं मागायला दादालाच पाठवायचं. पुरुषाची ओटी कुणी भरत नाही.