नंबर झाकणावर

...अहो, कसलं रक्त आणि कसली लघवी! तुम्हाला सांगतो, मी बुरशीवर संशोधन करतो, बुरशीवर! पण घरात पटतंय कुणाला? काकू त्यांचा रिपोर्ट माझ्या ताटाशेजारी आणून ठेवतात, "बघ रे जरा, लॅबमध्ये आहेस ना!" मेहुणीकडे झुरळं झाली, "भाऊजी, काहीतरी जालीम द्या ना, लॅबमध्ये आहात ना!" आहे बाई लॅबमध्ये, काय पाप केलंय मी?

बरं, नोकरी तरी पक्की? छे! कंत्राटी! लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "औषधाने बुरशी कमी वाढते, हाच रिझल्ट पुन्हा एकदा येऊ दे, मग तुम्हाला कायम करायचं बघते." झालं! बुरशीच्या काचेच्या बशा मांडल्या, निम्म्यांत औषध, निम्म्या बिनऔषधाच्या, आणि बुरशी ही अशी आळशी, की महिनाभर नुसतं तिच्या तोंडाकडे बघत बसायचं! बायको म्हणाली, "मी तापाने फणफणले होते तेव्हा नाही हो इतकं जपलंत!" खरंच होतं ते.

आणि काल... काल फोटो काढायला सगळ्या बशांची झाकणं काढून बाजूला ठेवली, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन! "जावईबापू, शुगर वाढलीय, चहात अर्धा चमचा चालेल का?" म्हटलं, "डॉक्टरांना विचारा." "अहो, त्यांना कशाला? तुम्ही लॅबमध्ये आहात ना!" कसाबसा फोन ठेवला, झाकणं लावायला गेलो... आणि बघतो तर काय! नंबर झाकणांवर! बशा कोऱ्या! औषधाची कुठली, बिनऔषधाची कुठली, ब्रह्मदेवाला ठाऊक! फरक असतो केसाएवढा, मोजल्याशिवाय कळत नाही, आणि आता मोजून तरी कुणाच्या नावावर घालू? नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मीच ओरडून सांगतो, "नंबर बशीच्या बुडाला घाला रे!"

मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. ओरडल्यासुद्धा नाहीत. "पुन्हा करा."

"पण मॅडम, महिना लागेल... माझं कंत्राट परवा संपतंय."

"हो, ते आहेच. मग बिनपगारी येणार का?"

बिनपगारी! तुम्हाला सांगतो, अस्सा संताप आला, डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं आज काय व्हायचं ते होऊ दे, चांगलं खडसावायचंच बाईंना! छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं... आणि तोंडातून बाहेर काय पडावं?

"मॅडम, रविवारी लॅबची किल्ली कुणाकडे असते?"