पाचव्या पातळीचा ताईत

शिंदखेड्याच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक तरुण नवरा-बायको बोलत होते.

"पुनम, रविवारच्या खेळात तो जुना ताईत नको घालूस. राक्षसाची आग त्याला सोसायची नाही."

"का? तूच तर मंतरून दिला होतास."

"तेव्हा माझा जादूगार पाचव्या पातळीवर होता. वस्तूत बनवणाऱ्याची त्या वेळची ताकद उतरते, आणि तेवढीच राहते. मी आता अकराव्या पातळीवर गेलो, पण ताईत पाचव्याचाच."

शेजारच्या म्हातारीला राहवलं नाही.

"लढाई कोठे शे, भाऊ?"

"धुळ्याला, अक्का. मित्राच्या गच्चीवर. फासे टाकून खेळतो आम्ही, प्रत्येकाचं एकेक सोंग असतं."

"मंग तिले नवा करी दे ना!"

"तेच तर म्हणतोय."

"कर की," पुनम म्हणाली. "पण तो भूषणभाऊंना दे, लढाईत ते सगळ्यांच्या पुढे असतात."

"आणि तू?"

"मला हाच बरा. हा दिलास तेव्हा आपलं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं."

"अगं, पण जळशील ना!"

"मग माझ्यापुढे उभा राहा. अकराव्या पातळीवर गेलायस ना?"