मोज

शिंपी : उदाहरणं हवीत तर उभ्या उभ्या घे आणि पळ. मला श्वास घ्यायला फुरसत नाही.

मुलगी : बसूनच घेणार. उद्या शाळेत माझा पहिला तास, गतीचे प्रकार शिकवायचेत. कापड पुढे सरकतं ती रेषीय गती. चाक फिरतं ती वर्तुळाकार.

शिंपी : आणि सुई?

मुलगी : वर-खाली, वर-खाली. आंदोलित.

शिंपी : अगं बाई! चाळीस वर्षं पायाखाली घेऊन बसलोय, मशीन एवढं शिकलेलं आहे हे ठाऊकच नव्हतं.

मुलगी : ती माशी बघ, कधी कुठे वळेल नेम नाही. यादृच्छिक. आणि मी आल्यापासून तूही तसाच. कात्री उचलतोस, ठेवतोस, टेप गुंडाळतोस, सोडतोस. दोन मिनिटं बस ना रे बाबा.

शिंपी : वकीलसाहेबांचा कोट संध्याकाळी द्यायचाय. मी स्वस्थ बसलो तर कोण शिवणार, तुझा मुख्याध्यापक?

मुलगी : कोट परवाच झालाय.

शिंपी : अस्तराचं काम राहिलंय.

मुलगी : अस्तर काल तू उसवलंस. मी इथेच वह्यांना कव्हर घालत होते. शिवण सरळ होती, एक टाका वाकडा नव्हता. सगळी उसवलीस आणि पुन्हा तशीच घातलीस.

शिंपी : माझं दुकान, माझा दोरा. तुझ्या का पोटात दुखतंय?

मुलगी : आईचा पडदाही उसवलास. बुधवारी. ती म्हणाली, म्हातारपणी हौस आलीय. मलाही आधी तसंच वाटलं.

शिंपी : मास्तरीण झालीस म्हणून बापाची परीक्षा घेणार?

मुलगी : रविवारी जेवल्यावर तू खुर्चीत पेंगत होतास. उजवा हात मांडीवर हलत होता. मी मोजलं. दहा सेकंदांत सत्तेचाळीस वेळा. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, सेहेचाळीस.

शिंपी : चहा जास्त झाला असेल.

मुलगी : मग तू जागा झालास, पेला उचललास आणि हात गप्प. एकदम शहाण्यासारखा! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काम करताना तो थांबतो, आणि तू थांबलास की तो सुरू होतो. म्हणून तू थांबतच नाहीस. कधीपासून?

शिंपी : ...ती खडूची पेटी दे इकडे.

मुलगी : नाही देत. बाबा, कधीपासून?

शिंपी : पावसाळ्याच्या आधीपासून. आधी अंगठाच होता. म्हटलं, जाईल. मग कळलं, हातात काही धरलं की बरं असतं. काहीही. गिऱ्हाईक समोर असलं की टेप धरतो. झोपताना हात उशीखाली दाबून घेतो. तुझ्या आईला सांगितलंस?

मुलगी : नाही. सहा वाजता डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी उदाहरणांसाठी आलेच नव्हते.

शिंपी : ते मला तू आत पाऊल टाकलंस तेव्हाच कळलं. रिकाम्या हाताने आलीस, वही कुठाय तुझी?

मुलगी : मग चल ना.

शिंपी : आणि तो म्हणाला, आता पुरे, मशीन विका, तर? मी काय करू गं दिवसभर? भिंतीकडे बघू? मला भीती वाटते. झालं समाधान?

मुलगी : मलाही वाटते. रविवारपासून डोळ्याला डोळा नाही. तो काय म्हणेल, मला माहीत नाही. पण हात किती वेळ हलतो, कधी थांबतो, हे तो विचारणार. नीट लिहून नेऊ. रविवारी मी चोरून मोजलं, ते मला आवडलं नाही.

शिंपी : आता कसलं अस्तर उसवू... सगळंच उसवून झालंय.

(मशीनचा आवाज बंद होतो.)

मुलगी : शटर ओढू?

शिंपी : अर्धं ओढ. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको. आणि ते स्टूल सरकव इकडे.

मुलगी : हे घे.

शिंपी : घड्याळ काढलंस?

मुलगी : काढलं.

शिंपी : हा बघ, टेबलावर ठेवला. काही धरलेलं नाही. मोज.