अडतीस दारं

— नाही नाही, ताई, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. इकडे बसा. थांबा, पत्रकांचे गठ्ठे उचलतो. हे दुकान आहे की निवडणुकीचं कार्यालय, मलाच कळेनासं झालंय — अर्ध्यात खिळे-बिजागऱ्या आणि अर्ध्यात माझे फोटो. बायको म्हणते, एवढं हसू घरी कधी आणलं नाहीत! चहा सांगू? बरं, राहू दे. सभा सहाला आहे, तुम्ही साडेपाचला निघालात तरी चालेल. तुम्ही आपण होऊन बोलायचं म्हणालात ना — खरं सांगतो, मला भरून आलं. आई जाऊन पंधरा दिवस नाही झाले आणि मुलगी स्टेजवर येऊन सांगणार, ह्या माणसानं दार तोडलं म्हणून माझी आई तशीच पडून राहिली नाही — याच्यापुढे विरोधकांनी बोलायचं काय? नका, हात नका जोडू. अहो, मी लहान आहे तुमच्याहून. बाईंनी, तुमच्या आईनं, मला चौथीत शिकवलंय, कान लाल होईपर्यंत पिळलाय. खाली घ्या हात.

तुम्ही तिकडे लांब, तुम्हाला इथलं सगळं ठाऊक नसेल. नगरपालिकेनं काढलं होतं — एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पगारी मदतनीस पाठवायचे, रोज, आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे. मी म्हटलं, का? शेजारीपाजारी मेले का सगळे? आपल्या आईबापाची चौकशी करायला आता सरकारनं माणूस नेमायचा? उद्या म्हणाल, नातवंडांना गोष्टी सांगायलाही खातं काढा! घरानं घराचं बघावं, गल्लीनं गल्लीचं बघावं — माझं मत आजही तेच आहे, मतांसाठी बोलत नाही मी. दारोदार हिंडून अकराशे सह्या जमवल्या. आणि पहिली सही कुणाची? तुमच्या आईची. म्हणाल्या, ‘परक्याच्या खिशात माझ्या घराची किल्ली? आण तो कागद इकडे.’ आधी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, मग सही ठोकली. योजना बारगळली. तेव्हापासून लोक मागे लागले, दादा, आता तुम्हीच उभे राहा.

पण नुसता नाही म्हणणारा माणूस नाही मी, हं. नको म्हटलं तर करूनही दाखवलं. एकटी माणसं शोधली, अडतीस दारं निघाली. रोज सकाळी सात ते आठ मी स्वतः फिरायचो. मी दार वाजवायचं, आतून त्यांनी तीन ठोके द्यायचे — तीन म्हणजे सगळं ठीक. उठून कडी काढायला नको, गुडघ्यांना त्रास नको. तीन ऐकले की वहीत खूण, पुढचं दार. फुकट! एक पैसा कुणाचा लागला नाही. लोक मला टकटकदादा म्हणायला लागले, ते त्यावरूनच. बाई काठीनं ठोकायच्या — ठक, ठक, ठक, एकसारखं अंतर, शाळेत पट्टी आपटायच्या ना, तसंच. दोन वर्षं, ताई. एक दिवस चुकला नाही.

कुठली वही — हीच ना. बघा की. त्यात काय लपवायचंय! बाईंचं दार एकोणीस नंबरला. बुधवारपर्यंत खूण आहे बघा, गुरुवारी दार तोडलं. डॉक्टरांनी विचारलं, शेवटच्या ठीक कधी होत्या, मी म्हटलं बुधवारी सकाळी, त्यांनी तसंच लिहिलं. तसंच छापूनही आलं. म्हणजे रात्रीत पडल्या असणार, फार — फार वेळ नाही गेला. तुमच्या मनाला तेवढं तरी — काय? हो. निळ्या शाईत आहे बुधवारची. बाकीच्या पेन्सिलीच्या, पेन्सिल वहीला बांधलेली असते, फिरताना — आणि पेन इथे गल्ल्यावर. बाईंची मुलगी शोभता हो. एवढ्या कार्यकर्त्यांनी वही चाळली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी मिरवणूक होती. जमलं नाही मला. इथे बसून अडतीस खुणा केल्या. एक दिवस, ताई, दोन वर्षांत एकच दिवस — खोटं वाटतंय? मग बघा मागची पानं, सगळी पेन्सिल आहे की नाही! आणि बुधवारी गेलो असतो तरी काय फरक — नाही. फरक पडला असता का? मला काय माहीत. गुरुवारी शेजारीण धावत आली, म्हणाली वर्तमानपत्रं पडलीत पायरीवर, तेव्हा मी — हो, सोमवारपासूनची. हो. मंगळवारी दोन होती तिथे. मी बघितली. नीट एकावर एक ठेवली आणि बाजूला सारली.

मंगळवारी ठोका आला होता, ताई. देवाशपथ आला होता, म्हणून तर खूण केली. एकच आला. सोमवारीही एकच. सोमवारी मागे वीस माणसं उभी, फोटोवाला आलेला, गलका नुसता — मी वाजवलं, आतून एक ठोका आला, मला वाटलं बाई चिडल्या, सकाळी सकाळी दारात हा तमाशा नको म्हणून एकातच आटोपलं. माणसं हसली. मीही हसलो. हा फोटो — हो, हा सगळीकडे लागलाय तोच, मूठ वर धरलेली, मागे हिरवं दार. हे बाईंचंच दार. तो त्याच क्षणाचा आहे. चौकात लागलाय, दवाखान्यासमोर लागलाय, माझ्या खिडकीतून दिसतो. मी पडदा ओढून घेतो.

आणि मी कड्या-कुलपं विकणारा माणूस आहे हो. तेवीस वर्षं दारं बसवतोय. दारावर कुठे ठोका पडलाय, हे मला न बघता कळतं. बाईंचा रोजचा ठोका कडीच्या खाली वीतभर यायचा. सोमवारचा खालून आला. पार खालून, उंबऱ्याला लागून. उभ्या माणसाचा ठोका तिथे येत नाही. मला कळलं होतं, ताई. कळलं होतं आणि मी तीनशे मतं असलेल्या पुढच्या गल्लीत गेलो. आता कुणी दार वाजवलं ना, मी आधी खाली बघतो. घरी सगळे टीव्ही बघत बसलेले असतात आणि मी दाराशी जमिनीवर बसून आतून ठोकून बघतो, बाहेर ऐकू जातं का. बायको विचारते, काय झालंय तुम्हाला? जातं ऐकू. चांगलं ऐकू जातं.

तुम्ही बोला ना काहीतरी. शिव्या घाला. सभेत सांगणार आहात हे? सांगा. नाही — थांबा, ऐका, हे सांगून बाई परत येणार आहेत का? सांगितलंत तर मी पडणार, त्याचं मला काही नाही, पण मग त्या सदतीस दारांचं काय? मी पडलो की ती योजना परत येईल, लिहून ठेवा. पहिल्याच बैठकीत मंजूर करतील. मग पगारी माणसं येतील प्रत्येकाकडे. परकी माणसं, ओळख ना पाळख, रोज ठरल्या वेळेला येणार, हजेरी लागते म्हणून येणार, मिरवणूक असो की नसो — खिशात किल्ली, ठोक्याची वाट नाही बघणार, सरळ दार उघडून आत —

निघा तुम्ही, ताई. वही घेऊन जा. हो, न्या. अरे, कोण आहे रे बाहेर? सगळ्यांना घरी जायला सांग.