पहिली सिगरेट कधी?

धाकटा : ‘विचारलं तेवढंच सांगायचं, पुढचं बोलायचं नाही,’ असं आई बजावायची. मी तेवढंच सांगितलं.

ताई : छान केलंस रे. नर्सबाई म्हणाल्या, व्यसनाच्या चाचणीत गुण अगदी कमी आले. सिगरेटचं व्यसन फारसं नाही तुला. देवानं ऐकलं माझं.

धाकटा : कमी म्हणजे पास ना?

बाई : इथं पास-नापास नसतं हो. उद्यापासून मनोरुग्णांच्या वॉर्डात सिगरेट बंद. ज्यांचं व्यसन मोठं, त्यांनाच दंडावर निकोटिनची पट्टी मिळणार. यांना गरज दिसत नाही.

ताई : बाई, एक विचारू? रागावू नका. मागं बंद केली होती, तेव्हा यानं दार बडवून हात सुजवून घेतले. आजारच उसळला असं म्हणून इंजेक्शनं दिली, पलंगाला बांधलं. मी आले तर मला ओळखेना. अन् गरज नाही कशी?

बाई : मी छापील प्रश्न जसाच्या तसा विचारला. उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळानं ओढता? ते म्हणाले, नाश्ता झाल्यावर. जितका उशीर, तितके गुण कमी.

धाकटा : खरंच आहे. नाश्ता झाला की वॉर्डाचे मामा कपाट उघडतात. एकेकाला एक.

ताई : म्हणजे देतील तेव्हा ओढतोस?

धाकटा : मग? किल्ली त्यांच्या कमरेला.

बाई : आणि उठल्यापासून तोवर काय करता?

धाकटा : कपाटापाशी उभा राहतो. अंधार असतो तेव्हा. पण पहिला नंबर माझाच, कुणाची छाती नाही पुढं घुसायची.

बाई : किल्ली तुमच्याकडे असती तर?

धाकटा : तर डोळे उघडायला कोण थांबलं असतं, बाई?

ताई : हसतोस काय, मेल्या.

बाई : म्हणजे मामांची वेळ मी यांच्या नावावर लिहिली. वॉर्डातल्या सगळ्यांनाच असंच विचारलंय मी.

ताई : मग दुरुस्त करा ना.

बाई : कागद मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मी सांगून पाहीन. पण ते म्हणतील, पेशंटनं दिलेलं उत्तर तू कोण बदलणार?

धाकटा : ताई, परत बांधतील का गं?

ताई : नाही.

धाकटा : शब्द दे.

ताई : दिला.

धाकटा : तेव्हाही दिला होतास.

(ताई उठते.)

ताई : डॉक्टर कुठं बसतात, बाई?

बाई : वरच्या मजल्यावर. पण या वेळी नातेवाइकांना आत सोडत नाहीत.

ताई : नाही सोडलं तर जिन्यात बसते. घरी जायला त्यांना खाली उतरावंच लागेल. तू जेवून घे रे, माझी वाट बघू नकोस.